न खाण्याची परीक्षा

खुरपणी, निंदणी, बेणणी, भांगलण. एकाच कामाला मराठीत प्रदेशागणिक वेगळे नाव आहे आणि त्या प्रत्येक नावामागे एक खुरपे आणि बहुधा वाकून काम करणारी एक बाई उभी असते. या सर्व शब्दांत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे शेत. ओळीत काहीतरी पेरलेले आहे, म्हणून ओळीबाहेर उगवले ते तण. ज्वारीच्या पाभरीत चुकून आलेले बाजरीचे ताटदेखील काटेकोर शेतकऱ्याच्या लेखी तणच. परंतु जिथे कोणी काही पेरलेलेच नाही, अशा मोकळ्या सरकारी जमिनीवर तण कोणते आणि रान कोणते, हे कोणी ठरवायचे? तिथे हा निवाडा शेतकऱ्याच्या हातून सुटून सरकारकडे जातो. कायद्याच्या अनुसूचीत नाव दाखल झाले की वनस्पती 'उपद्रवी तण' ठरते आणि तिचा बंदोबस्त करण्यासाठी पगारी माणूस नेमला जातो. खुरपणाऱ्या बाईला इतके शब्द देणाऱ्या आपल्या भाषेत या माणसासाठी अद्याप सुटसुटीत शब्द नाही.

आम्हां मराठी शिकवणाऱ्यांना 'तण' हा शब्द शेतापेक्षा रूपक म्हणूनच अधिक भेटतो. इंग्रजी शब्दांचे तण, अनुवादांचे तण, सुमार कवितेचे तण अशी त्याची जुनी योजना आहे. गेल्या काही दशकांत समीक्षा दुसऱ्या टोकाला गेली. तण ही मुळात वस्तू नसून सत्तेने लादलेली कोटी आहे, 'परकीय' आणि 'आक्रमक' हे वनस्पतिशास्त्रातले शब्द वस्तुतः राष्ट्रवादाच्या परिभाषेतून उसने आणलेले आहेत, असे आपण म्हणू लागलो. आम्ही स्वतः वर्गात हे अनेकदा सांगितले आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात निवडुंगाशी झालेल्या झगड्याचा इतिहास वाचल्यानंतर मात्र ते पूर्वीइतक्या सहजतेने सांगता येईनासे झाले, आणि सर्वस्वी सोडून द्यावे असेही वाटले नाही. प्रस्तुत लेख त्या अडचणीतून लिहिला आहे.

या इतिहासाचा आरंभ एका रंगापासून होतो. मराठीतला 'किरमिजी' हा शब्द फारसी-अरबीतून आला आणि त्याच्या मुळाशी एक किडा आहे. ओकवृक्षावर राहणाऱ्या त्या किड्यापासून जुन्या जगात तांबडा रंग काढीत. सोळाव्या शतकात स्पेनने मेक्सिको जिंकल्यावर त्याहून कितीतरी तेजस्वी रंग देणारा दुसरा किडा युरोपच्या बाजारात आला. हा कोचिनील. तो फड्या निवडुंगावर जगतो. नागाच्या फण्यासारखे चपटे, मांसल फडे असणारा हा निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. आपल्या गावकुसांवर तो इतका रुळला होता की त्याचे परकेपण आपल्याला जाणवतही नाही. स्पेनने कोचिनीलचा व्यापार शतकानुशतके मुठीत ठेवला. ब्रिटिश फौजेतील अधिकाऱ्यांचे लाल डगले याच रंगात रंगत. तेव्हा हा रंग आपल्या वसाहतीत पिकवावा, हा विचार इंग्रजांच्या मनात आला नसता तरच नवल. १७८७ मध्ये कैद्यांची जहाजे घेऊन निघालेला कॅप्टन आर्थर फिलिप वाटेत रिओ दि जानेरोला थांबला आणि तिथून किड्यांसह निवडुंग घेऊन १७८८ मध्ये सिडनीला पोचला. रंगाचा उद्योग कधीच उभा राहिला नाही. निवडुंग मात्र राहिला.

नेमका हाच लोभ त्याच सुमारास हिंदुस्थानातही काम करीत होता. मद्रासमधील कंपनीचे डॉक्टर जेम्स अँडरसन १७८६ पासून कोचिनीलच्या शोधाने झपाटलेले होते. सैदापेठेत त्यांनी खास त्यासाठी निवडुंगाची बाग उभारली. १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन याने ब्राझीलहून किडे कलकत्त्यास आणले. खरा कोचिनील मिळाला अशी समजूत झाली, पण तो त्याचा भाऊबंद निघाला, आजचे शास्त्र त्याला निराळी जात मानते. रंग हलका आला, धंदा बसला. पण सोडून दिलेल्या या किड्याने एक अनपेक्षित काम केले. उत्तर हिंदुस्थानात सर्वत्र माजलेल्या निवडुंगाची एक विशिष्ट जात त्याने जवळजवळ संपवून टाकली. १८३६-३८ च्या सुमारास तोच किडा मुद्दाम दक्षिणेत नेण्यात आला, पुढे सिलोनलाही पोचला. तणाच्या बंदोबस्तासाठी किडा वापरल्याची ही जगाच्या इतिहासातील पहिली नोंद समजली जाते. चुकीच्या किड्याने केलेले हे बरोबर काम पुढे क्वीन्सलँडच्या उपयोगी पडणार होते, तेही अर्धवटच. त्याकडे येऊच.

ऑस्ट्रेलियात निवडुंगाच्या आणखी जाती आल्या. कोणी कुंडीत शोभेसाठी आणल्या, कोणी कुंपणासाठी फडे कापून नेले, दुष्काळात गुरांना चारा म्हणून लावल्या. फडा तुटून जमिनीवर पडला की मूळ धरतो, पुरात वाहत गेला तर जिथे अडकेल तिथे रुजतो; फळ पक्षी खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या आतील सपाटीवर त्याला हवे तसे हवामान मिळाले आणि अमेरिकेत त्याला कुरतडणारे शत्रू इथे नव्हते. १९०० च्या सुमारास सुमारे ४० लाख हेक्टर जमीन त्याने व्यापली होती. १९२५ च्या सुमारास हा आकडा २ कोटी ४० लाख हेक्टरवर गेला. मराठी वाचकाला मापाचा अंदाज यावा म्हणून सांगायचे तर ही पाऊण महाराष्ट्राहून अधिक जमीन झाली. त्यातील निम्म्या भागात निवडुंग इतका दाट होता की माणूस, घोडा वा मेंढरू आत शिरू शकत नसे. ऐन भरात तो वर्षाला चार लाख हेक्टरांच्या वेगाने पसरत होता. जमीन साफ करण्याचा खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त येई, म्हणून कुटुंबे घरे तशीच सोडून निघून गेली. आम्ही वर ज्याला 'कोटी' म्हटले, ती इथे माणसाच्या डोक्याएवढी वाढून दारात उभी होती. सत्तेने रचलेली कल्पना म्हणून तिच्याकडे बघणे तिथून निघून जाणाऱ्यांना शक्य झाले नसते.

पण सत्तेचा भाग नव्हता असेही नाही. चिंचिलाच्या आसपासची ही भूमी बरुंगम या मूलनिवासी लोकांची. वसाहतवाल्यांनी ती घेतली आणि कागदावर ती 'क्राउन लँड', म्हणजे राजाची, म्हणजेच सरकारी झाली. सरकारने ती तुकड्या-तुकड्यांनी कूळहक्काने देऊ केली आणि अटी घातल्या. निवडुंगाने व्यापलेल्या जमिनीसाठी तर खास प्रकारचे पट्टे होते. ठरलेल्या मुदतीत निवडुंग नाहीसा करा, तर जमीन तुमची. एखाद्या वनस्पतीचा नाश हाच जमिनीच्या मालकीचा पुरावा व्हावा, हा प्रकार आम्हांस विलक्षण वाटतो. जिच्यावर पूर्वीपासून माणसे राहत होती त्या जमिनीची मालकी रिकामेपणाच्या आधारावर घेतली गेली होती, आणि आता ती पुन्हा रिकामी करून दाखवणाऱ्याला मिळणार होती.

सरकारने प्रथम बक्षीस लावले. १९०१ मध्ये ५,००० पौंड, १९०७ मध्ये ते दुप्पट केले. ते कोणालाही मिळाले नाही. मग तज्ज्ञ नेमला गेला, आणि तो तज्ज्ञ स्त्री होती हे विशेष. डॉ. जीन व्हाइट या मेलबर्न विद्यापीठातून विज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१२ ते १९१६ या काळात पश्चिमेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील डुलाका या आडगावी निवडुंगाच्या प्रायोगिक केंद्राच्या त्या प्रमुख होत्या. काम म्हणजे विषे तपासणे. कोणते रसायन, किती, फड्यात टोचून की फवारून, कोणत्या ऋतूत. निष्कर्ष असा की सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची, संयुगे सर्वांत परिणामकारक. पुढील दशकभर टनावारी सोमल त्या रानात ओतला गेला. एका प्रसिद्ध मिश्रणात ऐंशी टक्के गंधकाम्ल आणि वीस टक्के आर्सेनिक पेंटॉक्साइड असे. टोकदार सळीने फडा भोसकायचा, आत विष सोडायचे, पुढच्या फड्याकडे जायचे. कोटी हेक्टरांसमोर ही सळी. ज्याने ती धरली त्याच्या कातडीचे आणि फुप्फुसांचे काय झाले, हे या मोहिमेच्या गौरवकथांत क्वचितच येते. गंधकाम्ल काय करते हे शाळेच्या प्रयोगशाळेत चड्डीला भोक पाडून घेतलेल्या कोणालाही ठाऊक असते.

१९२४ मध्ये क्वीन्सलँड सरकारने निवडुंगग्रस्त जमिनींसाठी स्वतंत्र आयोग स्थापन केला. डब्ल्यू. एल. पेन हे त्याचे प्रमुख. आयोगाने स्वस्त दरात विष पुरवले, पट्ट्यांच्या अटी बदलल्या, आणि पक्ष्यांच्या शिरावर इनाम लावले. बी पसरवतात म्हणून कावळे, आणि एमू. एमू १९०८ पासून ऑस्ट्रेलियाच्या राजचिन्हावर कांगारूसमोर उभा आहे. एका कागदावर राष्ट्राचे प्रतीक आणि दुसऱ्या कागदावर तणाचा हस्तक, अशी त्याची अवस्था झाली. 'स्वकीय' आणि 'परकीय' या शब्दांवरचा आमचा जुना संशय इथे पुन्हा जागा होतो. परक्या झाडाला साथ दिल्याच्या आरोपावरून इथला मूळचा पक्षी मारला जाऊ शकतो, तेव्हा ती विभागणी वनस्पतिशास्त्राची उरत नाही, हिशेबवहीची होते.

आता त्या अर्धवट उपयोगाकडे वळू. विषाला समांतर असा एक मार्ग १९१२ पासूनच चाचपडला जात होता. त्या वर्षी टी. हार्वी जॉन्स्टन आणि हेन्री ट्रायन या दोघांना सरकारने जगभर धाडले. जिथे जिथे निवडुंग आहे तिथे त्याला कोण खाते ते पाहून या, एवढीच आज्ञा. त्यांच्या प्रवासात सिलोन आणि हिंदुस्थान होते. नील्सनच्या चुकीच्या किड्याने शतकापूर्वी केलेले काम त्यांनी जाणून घेतले आणि तो किडा क्वीन्सलँडला नेला. १९१४ मध्ये तो सोडला आणि त्याने क्वीन्सलँडमधील नेमकी तीच जात, जी फिलिपने आणली होती, काही वर्षांत आटोक्यात आणली. पण खरे संकट निवडुंगाच्या दुसऱ्याच जातींचे होते आणि त्यांना तो किडा तोंड लावत नसे. आम्हांला या अपयशात फार महत्त्वाची गोष्ट दिसते. अधिकाऱ्यांना एक भाषिक धडा त्यातून मिळाला. 'निवडुंग' हा शब्द सरकारसाठी एक होता, किड्यासाठी तो अनेक होता. कायद्याची अनुसूची ज्याला एका नावाने हाक मारते, तिथे किडा जातीजातीत फरक करतो. शब्द किती बारीक असावा हे इथे खाणाऱ्याने शिकवले.

जॉन्स्टन आणि ट्रायन यांनी दक्षिण अमेरिकेतून एका पतंगाच्या अळ्याही आणल्या होत्या. त्या ब्रिस्बेनमध्ये वाढल्या नाहीत. मग महायुद्ध आले. १९२० मध्ये केंद्र सरकार, क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स यांनी मिळून 'कॉमनवेल्थ प्रिकली पेअर बोर्ड' स्थापन केले आणि त्याचे अधिकारी अमेरिका खंडात हिंडून किडे पाठवू लागले. या अधिकाऱ्यांतला ॲलन पार्कहर्स्ट डॉड हा फुलपाखरे गोळा करणाऱ्या एका नामांकित संग्राहकाचा मुलगा. १९२५ मध्ये त्याने अर्जेंटिनातून त्याच पतंगाची तीन हजारांच्या आतबाहेर अंडी जहाजाने रवाना केली. पतंगाचे शास्त्रीय नाव कॅक्टोब्लास्टिस कॅक्टोरम. ब्रिस्बेनच्या शेरवूड उपनगरातील प्रयोगशाळेत त्यांची वीण यशस्वी झाली.

इथे थोडे थांबावे लागेल, कारण ज्या कामामुळे ही कथा आम्हांला लिहावीशी वाटली ते काम इथे झाले. जमीन निवडुंगाखाली बुडते आहे, पट्टेदार हवालदिल आहेत, वृत्तपत्रे जाब विचारताहेत आणि प्रयोगशाळेत निवडुंग फस्त करणारी अळी तयार आहे. अशा वेळी अधिकाऱ्यांनी ती ताबडतोब बाहेर सोडली नाही. त्यांनी तिला उपाशी ठेवले. माणसाच्या उपयोगाची पिके, भाज्या, फळझाडे यांची पाने तिच्यापुढे ठेवली आणि ती खाते का ते पाहिले. मरायला टेकली तरी खाते का ते पाहिले. अळ्या मेल्या, पण निवडुंगाच्या कुळाबाहेर त्या वळल्या नाहीत. तेव्हा कुठे १९२६ मध्ये अंडी रानात गेली. तणनाशाच्या शास्त्रात या परीक्षेला पुढे शिस्तीचे रूप आले. कीटक काय खातो हे दाखवणे सोपे. तो काय खाणार नाही हे सिद्ध करणे हेच खरे अवघड काम. ज्याला आपण नाश करणारा अधिकारी समजतो, त्याचा बराचसा वेळ काहीही न घडण्याची वाट पाहण्यात जातो.

पतंगाची रीतही पाहण्यासारखी आहे. मादी अंडी सुटी घालत नाही. एकावर एक चिकटवत ती त्यांची बारीक काडी करते आणि ती काडी निवडुंगाच्या काट्याला किंवा फड्याला लावते. दुरून पाहणाऱ्याला तो आणखी एक काटा वाटावा. अंड्यांतून निघालेल्या अळ्या एकत्रच हिंडतात आणि एकाच भोकातून फड्यात शिरतात. एकट्या अळीला ते साधणे कठीण. फड्यातून पाझरणारा बुळबुळीत चीक तिला बुडवतो. अनेकींनी एकाच ठिकाणी कुरतडले की वाट होते. शेंदरी रंगाच्या, काळ्या पट्ट्यांच्या या अळ्या फडा आतून पोखरतात, मागोमाग कुजवणारे जंतू येतात आणि बाहेरून हिरवा दिसणारा फडा आतून पोकळ होऊन एके दिवशी खाली बसतो. मैलोगणती निवडुंग असा कुजत असताना त्या प्रदेशात वास कसला असेल, याची कल्पना करवत नाही.

चिंचिला येथील केंद्रात अंड्यांची पैदास मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. अंड्यांच्या काड्या कागदाच्या लहान चौकोनांवर चिकटवीत आणि ते चौकोन टाचणीने फड्यांना टोचीत. कोट्यवधी अंडी अशी वाटली गेली. मालमोटारी भरून ती रानात जात, पट्टेदारांना मिळत, आणि माणसे फड्या-फड्याला कागद टोचत पुढे सरकत. आम्हां कागदावर जगणाऱ्यांना हे दृश्य विसरता येत नाही. ज्या रानात काल सळी आणि सोमल होता, तिथे आज टाचणी आणि कागद. हाताचे काम तेच, वाकणे तेच. पण टोचणाऱ्याच्या हातून आता काहीच मरत नव्हते. तो फक्त ठेवून येत होता आणि पुढच्या हंगामात परत येऊन पाहात होता.

परत येऊन पाहणे हे काम कथांत येत नाही. १९३० ते १९३२ या काळात जुना, उंच, दाट निवडुंग कोसळला. पण त्यानंतर खाण्यालाच काही न उरल्याने अळ्या लाखोंनी उपासमारीने मेल्या आणि १९३२-३३ मध्ये बुंध्यांतून निवडुंग पुन्हा फुटून आला. विजयाच्या बातम्या छापून झाल्या होत्या. या फुटव्याने लोक धास्तावले असतील तर ते स्वाभाविकच होते. घाईचा अधिकारी इथे पुन्हा सोमलाकडे वळला असता. डॉडच्या माणसांनी वाट पाहिली. नवा कोवळा फुटवा पतंगाला मिळाला, पतंगांची संख्या सावरली आणि दुसऱ्या खेपेस निवडुंग खरोखर उतरला. तो नाहीसा झाला नाही, आजही तिथे आहे. पतंगही आहे. एक वाढला की दुसरा वाढतो, एक घटला की दुसराही घटतो. १९३९ मध्ये बोर्ड गुंडाळले गेले आणि १९४० मध्ये डॉडने या मोहिमेचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

चिंचिलाजवळच्या बूनार्गा येथे १९३६ मध्ये शेतकऱ्यांनी एक लाकडी सभागृह बांधले आणि त्याला पतंगाचे नाव दिले, 'कॅक्टोब्लास्टिस मेमोरियल हॉल'. कीटकाचे स्मारक ही जगात विरळाच गोष्ट, म्हणून ती सर्व पुस्तकांत येते. आम्हांला त्यात थोडी अडचण वाटते. पतंगाला नायक केले की कथा सुटसुटीत होते. संकट होते, तारणहार आला, संकट टळले. उपाशी ठेवलेल्या अळ्या, कागदाचे चौकोन, फुटव्याच्या वर्षी राखलेला संयम, सर्व या नायकाच्या पंखांखाली झाकले जाते. त्याचा परिणाम लगेच दिसला. सभागृह बांधण्याच्या आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, त्याच क्वीन्सलँडमध्ये ऊस कुरतडणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी हवाई बेटांवरून शंभरएक 'केन टोड' आणले गेले आणि त्यांची पिले सोडली गेली. पतंगाच्या यशाची धुंदी ताजी असताना हे घडले. तो बेडूक आणखी काय काय खाईल आणि त्याला खाणारे प्राणी त्याच्या विषाने मरतील का, याची परीक्षा झाली नाही. वॉल्टर फ्रॉगट या निवृत्त सरकारी कीटकशास्त्रज्ञाने विरोध केला, त्यामुळे काही महिने सोडण्यावर बंदीही आली. १९३६ मध्ये ती उठली. बेडकाने भुंगेरे फारसे खाल्ले नाहीत. तो आता ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात सर्वत्र आहे आणि त्याला तोंड लावणारे मूळचे प्राणी मरतात. त्याच प्रांतात, जवळजवळ त्याच वेळी, त्याच शास्त्राच्या नावाने ही दोन्ही कामे झाली. दोहोंमध्ये एका उपवासाचा फरक होता.

पतंगाच्या कथेलाही पुढचे प्रकरण आहे. १९५७ मध्ये तो कॅरिबियनमधील नेव्हिस बेटावर नेला गेला, तिथल्या निवडुंगावर उपाय म्हणून. क्वीन्सलँडमध्ये निवडुंगाचे एकही भावंड मूळचे नव्हते, म्हणून 'निवडुंगाखेरीज काही खात नाही' एवढे उत्तर पुरेसे होते. कॅरिबियनमध्ये निवडुंग घरचाच. तिथून पतंग बेटाबेटांनी सरकत १९८९ मध्ये फ्लोरिडात सापडला, २००६ मध्ये मेक्सिकोच्या एका बेटावर. मेक्सिकोत निवडुंग भाजी आहे, फळ आहे, चारा आहे. राष्ट्रध्वजावर गरुड त्यावरच बसलेला आहे. त्या बेटावरून पतंगाला शोधून शोधून हटवण्यात आले. म्हणजे जो प्राणी एका गावी सभागृहाचा मानकरी, तोच दुसऱ्या देशात उपद्रवी. पतंगाने आपला स्वभाव बदलला नव्हता. परीक्षेतला प्रश्न जमिनीनुसार बदलला होता आणि उत्तर मात्र जुनेच वापरले गेले.

निवडुंग उतरल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीचे काय झाले, हेही पाहावे. तिथे ब्रिगॅलो नावाच्या, बाभळीच्या कुळातल्या, पूर्णपणे तिथल्याच झाडांची रुपेरी राने होती. शेतकऱ्यांच्या दृष्टीने तीही अडगळच. निवडुंगाने माणसाला अडवले होते, तेव्हा त्याने नकळत या झाडांनाही राखले होते. १९६२ पासून सरकारी योजनेने ती प्रचंड प्रमाणावर तोडली. आज ब्रिगॅलो रानाचा समावेश संकटग्रस्त वनसमुदायांत आहे आणि उरलेले तुकडे सांभाळण्यासाठी पगारी माणसे आहेत. त्यांच्या कामाचा मोठा भाग म्हणजे त्या तुकड्यांतून तण काढणे.

आपल्याकडच्या वाचकाला या सगळ्यात गाजरगवत आठवले असेल. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि अमेरिकी गव्हाबरोबर ते आले अशी समजूत पसरून 'काँग्रेस गवत' हे नाव त्याला चिकटले. राजकीय टोमण्याचे वनस्पतिशास्त्रात रूपांतर होण्याचे हे नामी उदाहरण. नेमके १९५५ मध्येच ते क्वीन्सलँडमध्येही आढळले, आणि १९६० मध्ये टेक्सासहून आलेल्या गवताच्या बियांबरोबर दुसऱ्यांदा आले. दोन्ही देशांनी मेक्सिकोतला एकच भुंगेरा आणला, क्वीन्सलँडने १९८० मध्ये, भारताने १९८४ मध्ये. १९९० च्या दशकाच्या आरंभी बंगळूरच्या बाजूला हा भुंगेरा सूर्यफुलाची पाने खाताना दिसला आणि मोठा गहजब झाला. शोध घेता असे आढळले की सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडलेले होते आणि भुंगेरा त्यांच्या ओढीने पाने कुरतडत होता. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पानावर जे उत्तर मिळाले होते, त्यात शेजारच्या शेतातून उडत आलेली धूळ धरलेली नव्हती.

न्यू साउथ वेल्समध्ये, लाइटनिंग रिज या दुधी रत्नांच्या खाणींच्या गावाभोवती, आता हडसन पेअर नावाचा दुसराच काटेरी निवडुंग पसरला आहे. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये अशा निवडुंगांना राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत घातले. तिथे पतंग चालत नाही. कोचिनीलची एक विशिष्ट वाण शोधली गेली, तिची न खाण्याची परीक्षा झाली, आणि गावातच तिची पैदास सुरू झाली. पांढऱ्या कापसासारखे किडे चिकटलेले निवडुंगाचे तुकडे कर्मचारी पेटीत भरून रानात नेतात, चिमट्याने एकेक झाडावर ठेवतात, जागेची नोंद करतात आणि काही महिन्यांनी परत येऊन पाहतात.